'गेट'चे अर्थ किती पाठ करायचे?

"सर, 'गेट'चे एकूण अर्थ किती? त्यातले किती पाठ केले म्हणजे भागतं?" मी उदगीरला इंग्रजी शिकवतो. दर जूनमध्ये हा प्रश्न येतोच, आता पालकही विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, एकही पाठ करू नका.

मी केले होते. 'गेट' म्हणजे मिळणे, हे डोक्यात पक्कं बसलेलं. पुण्यातल्या पहिल्या मुलाखतीत विचारलं, "हाउ डिड यू गेट हिअर?" इथं मला काय मिळालं, तेच कळेना. गप्प बसलो. उदगीरहून एसटीनं आलो, एवढंच सांगायचं होतं. ते गप्प बसणं अजून सलतं.

गेल्या उन्हाळ्यात तास चालू असताना एका मुलीला घरून फोन आला. दारात जाऊन ती विचारत होती, "लागलं? कितीवर लागलं?" परत आली तेव्हा चेहरा फुललेला.

"कुणाला लागलं गं?"

"पाणी लागलं सर, बोअरला! साडेचारशे फुटांवर."

मी फळ्यावर 'लागणे' लिहिलं आणि म्हटलं, सांगा आता. ठेच लागते, भूक लागते, नोकरी लागते, निकाल लागतो. चिंचेला चिंचा लागतात. तो तुझा कोण लागतो? गाडी फलाटाला लागते, आणि घाटात मळमळायला लागलं की तीच गाडी आपल्याला लागते. फळा भरला. यातलं एकही कुणी घोकलेलं नव्हतं. शेजारी कोणता शब्द बसलाय, त्यावरून अर्थ कळत गेला होता.

'गेट'चंही असंच बघा. पुढे वस्तू आली की मिळणं नाहीतर आणणं. विशेषण आलं की होणं: 'गेट वेट' म्हणजे भिजणं. ठिकाण आलं की पोचणं: 'वी गॉट टू लातूर.' 'हिअर', 'देअर', 'होम' यांच्याआधी मात्र 'टू' लागत नाही. माझं तिथंच अडलं होतं. आणि 'वी गॉट अ बोअरवेल ड्रिल्ड' म्हणजे आम्ही बोअर मारून घेतला.

हा शब्द इंग्रजीत आला जुन्या नॉर्स भाषेतून, हजारेक वर्षांपूर्वी इंग्लंडात वस्ती केलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांबरोबर. त्याचा इंग्रजी भाऊबंद तिथं आधीपासून होता, पण जोडशब्दांतच; 'फॉरगेट'मध्ये तो आजही सापडतो. रोज वापरून वापरून 'गेट' इतका झिजला, की 'ही गॉट हर्ट'मध्ये तो नुसता मदतीला उभा असतो. आपल्या उदगीरकडच्या बोलीत 'लागणे'चं तेच झालंय. "काय करूलालास?" म्हणजे काय करतोयस; "शाळंला जाऊलालो" म्हणजे शाळेला जातोय. त्यातला 'लाला' म्हणजे 'लागला'च, असं माझ्या कानाला वाटतं. 'ग' बोलता बोलता गळाला.

त्या मुलीनं तास संपताना वही पुढं केली. लिहिलं होतं, 'वी गॉट वॉटर ॲट फोर हंड्रेड अँड फिफ्टी फीट.' मी खाली सही केली.