देव नाही, बंगला

शिरपूरहून पायी निघालो तेव्हा पाऊस नव्हता, नरडाण्याला होता, आणि सोनगीर कधी मागे पडलं ते कळलंच नाही. आग्रा रोडवर ट्रकनं उडवलेला चिखल पांढऱ्या शर्टावर घ्यायचा, ‘बुद्धं सरणं’ म्हणायचं आणि मधेच ‘कडेला व्हा रे’ म्हणून ओरडायचं. ३१ जुलैला लळिंग गाठायचं होतं. १९३७ साली त्याच तारखेला बाबासाहेब एका खटल्यासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले.

भंतेजी आले नाहीत. आषाढी पौर्णिमेपासून वर्षावास. कोवळी पिकं, जीवजंतू पायाखाली येऊ नयेत म्हणून भिक्खूंनी पावसाळाभर एका जागी राहायचं. म्हणजे चारिका, गावोगावची पायी फिरती, ज्यांनी करायची ते बसलेले आणि आम्ही संसारी माणसं रस्त्यावर.

गटातल्या एका पोरानं स्पीकरवर एकच भीमगीत लावून धरलं होतं. पहिल्यांदा अंगावर काटा आला, पाचव्या-सहाव्यांदा डोकं उठलं. त्यात दुपारी पाऊस उघडून असं ऊन पडलं की काळ्या मातीतून वाफा यायला लागल्या. टाचेला फोड आलेला. लंगडत होतो.

बांधावर भाकरी खात बसलेल्या एका म्हातारीनं हाक मारली. “काय व्हयनं रे भाऊ? बस आठे.” गळ्यात तुळशीची माळ, हात निंदणीनं हिरवे-काळे. मी नको नको म्हणेपर्यंत तिनं बूट ओढून काढला, माझा चिखलाचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. बांगडीतली सेफ्टी पिन काढली, पदराला पुसली. पिन गरम करून घ्या, असं म्हणणार होतो, तोवर पाणी निघालंही होतं. मग भाकरीच्या फडक्याची पट्टी टर्रकन फाडून बांधली. परक्या बाईनं पाय असा धरलेला मला बघवेना. मी कपाशीकडे बघत राहिलो.

“कोणता देवले चालनात?”

“देव नाही आजी. बंगला आहे.”

“बंगलाले?” ती खो खो हसली. मलाही हसू आलं. मग अर्धी भाकरी हातावर ठेवली.

संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर वंदना. डिव्हायडरवरची कण्हेरीची फुलं पोरांनी आणलेली, पार मरगळलेली. त्यावरून आमच्या गटातले मामा तापले. “बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घ्यायच्या आणि पुन्हा फुलं वाहायची? सीलब्बतपरामास म्हणतात याला!” मामांचं खोटं नाही. कर्मकांडाला चिकटून बसणं हे दहा संयोजनांतलं, म्हणजे माणसाला अडकवणाऱ्या बंधनांतलं, तिसरं, बुद्धानंच सांगितलेलं. पण ‘पुप्फं मिलायाति यथा इदं मे’ म्हणताना ताजं फूल काय कामाचं? फूल सुकतं तशी ही कायाही जाणार, हे सुकलेलंच फूल हातात धरून म्हणावं. टाच ठणकत होती, गाथा त्या दिवशी मला पाठ असल्यासारखी वाटली नाही. त्यात ‘लभामि मोक्खं’, म्हणजे फुलं वाहून मोक्ष मिळवायची गोष्ट, येते खरी. ती ओळ मी पुटपुटतच उरकतो.

लळिंगला ही गर्दी! निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल, दोन लाऊडस्पीकर एकमेकांवर. फोटोपुढे मेणबत्ती लावतो न लावतो तोच मागून धक्का. बघतो तर पुढे मामा, ओंजळ कण्हेरीनं भरलेली.

“मामा, हे काय?”

“पोरांनी दिली,” ते माझ्यावरच खेकसले, “एवढ्या गर्दीत टाकू कुठं?”