करुणेचा जवळचा शत्रू

फोंडा, आषाढ

आज दुपारी समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या एका बाईंनी बराच वेळ घरातील एका मृत्यूविषयी सांगितले. तपशील येथे लिहीत नाही. रोजनिशी माझी असली तरी ती गोष्ट त्यांची आहे. ऐकता ऐकता माझाच गळा दाटून आला आणि ‘होईल हळूहळू सगळे ठीक’ असे म्हणावेसे वाटू लागले. ती घाई ध्यानात येताच मी लक्ष श्वासावर आणले आणि गप्प राहिले. काही वेळाने त्या म्हणाल्या, “ताई, खरे सांगू? मला रडू येत नाही, राग येतो.” मी धीर दिला असता, तर तो राग बहुधा मनातच राहिला असता.

बुद्धघोषाचार्यांनी पाचव्या शतकात सिंहलद्वीपात, म्हणजे श्रीलंकेत, रचलेल्या ‘विसुद्धिमग्ग’ या बौद्ध साधनेवरील पाली ग्रंथात करुणेचे दोन शत्रू सांगितले आहेत: क्रौर्य हा दूरचा आणि संसारी माणसाचा शोक हा जवळचा. (या ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्डला गेलेले बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी आमच्या गोव्यातील साखवाळचे, याचा मला उगाचच अभिमान वाटतो.) क्रौर्य लगेच ओळखता येते, पण शोक करुणेच्याच वेषात येतो, आणि समोरच्याचे दुःख आपल्याला सोसवेनासे झाले की आपण सल्ला देतो, सांत्वन करतो, विषय बदलतो, त्यातून हलके होते ते आपलेच मन. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी 1957 साली मानसोपचारातील सहानुभवाविषयी लिहिताना जवळपास हीच मर्यादा घातली होती: दुसऱ्याचे जग जणू आपलेच आहे असे जाणावे, मात्र त्यातील ‘जणू’ कधीही सुटू देऊ नये. मधे पंधरा शतके गेली, तरी अडचण तीच आहे.

अलीकडे पहिल्याच भेटीत श्वासध्यान शिकवण्याचा जो उत्साह दिसतो, तो मला फारसा पटत नाही. नुकत्याच कोसळलेल्या माणसाला डोळे मिटून आत पाहायला सांगणे कधी कधी त्याला अधिकच घाबरवते. साधना आधी ऐकणाऱ्याने करावी. अर्थात ऐकणे सर्वत्र पुरत नाही. जीव नकोसा झाल्याचे कोणी सांगितले, तर आत्महत्येचे विचार येतात का, हे मी स्पष्ट विचारते, घरच्यांना विश्वासात घेते आणि बांबोळीच्या मनोरुग्णालयातील डॉक्टरांसाठी त्याच दिवशी चिठ्ठी लिहून देते.