मंगळसूत्र उलटं धरलं की व्हीटीची कमान

बाबांनी मध्य रेल्वेच्या लेखा विभागात 31 वर्षं काढली, त्यातली बरीचशी खुद्द व्हीटीच्या, म्हणजे व्हिक्टोरिया टर्मिनसच्या इमारतीत. 1996 साली स्टेशनचं नाव बदललं, 2017 साली त्यात ‘महाराज’ आलं. आमच्या घरात बाबा अजून ‘बोरीबंदर’ म्हणतात, आई ‘व्हीटी’ आणि मी ‘सीएसएमटी’. उतरतो तिघंही एकाच डोंबिवली फास्टमधून.

मे महिन्याच्या सुट्टीत बाबा कधीतरी मला ऑफिसात न्यायचे. मोठ्या जिन्यापाशी मान वर केली की घुमट आतून दिसायचा. आठ पाखी, मधे मधे फासळ्या, सगळ्या वर एका बिंदूत जमलेल्या. मला दर वेळी वाटायचं, आपण आजीच्या घेरदार परकराखाली लपलोय.

हे आठवायला मला पस्तिशी उजाडावी लागली, आणि त्याआधी दोन नमुने वाया घालवावे लागले.

डोंबिवलीत माझं शिवणकामाचं छोटं वर्कशॉप आहे. दोन मशिनं, एक ओव्हरलॉक, आणि तीस वर्षं कात्री चालवलेले मास्तर. गेल्या वर्षी ठरवलं की फोर्टातल्या जुन्या इमारतींवरून दहा कपड्यांचा एक संच करायचा. एका बुटीकने लगेच उत्साह दाखवला. त्यांना हवं होतं ते असं: पांढरा कुर्ता, त्यावर व्हीटीचं चित्र छापलेलं. मी एक करूनही पाहिला. दर्शनी भागावरचं घड्याळ बरोबर पोटावर आलं. मास्तर म्हणाले, “ताई, जेवण झालं की वेळ पुढे सरकेल.” तो कुर्ता आता मशीन पुसायला आहे.

चित्र छापणं म्हणजे इमारतीचा फोटो अंगावर घेऊन फिरणं. त्यात शिवण्यासारखं काही नाही. म्हणून दुसऱ्या खेपेला कमान घेतली. गॉथिक टोकदार कमान काढायला अगदी सोपी असते. कमानीच्या एका पायावर दोरीचं टोक धरायचं, दुसऱ्या पायापर्यंत दोरी ताणायची आणि खडूने वळण मारायचं. मग पाय बदलून तेच. दोन वळणं जिथे भेटतात तिथे टोक. खाकी कागदावर पाच मिनिटांत नमुना तयार. ब्लाउजच्या पाठीला खालच्या पट्टीपासून वर जाणारी अशी उघडी कमान कापली, मांजरपाटावर शिवली, बहिणीला घालायला दिली. दहा मिनिटांत कमान बसली. म्हणजे खरंच बसली, खाली. वळणावर कापड उरेब, म्हणजे तिरकं जातं, उरेब कडा ताणते, आणि टोकाशी कापड पुढे लोंबायला लागलं. कडेला बक्रम, म्हणजे आतलं कडक कापड लावलं तर पाठीला पुठ्ठा बांधल्यासारखं झालं. बहीण म्हणाली, “मी खुर्चीला टेकू कशी?”

शेजारचे काका निवृत्त सिव्हिल इंजिनिअर आहेत. त्यांना तो ब्लाउज दाखवला (दाखवायला जरा संकोच वाटला, पण काकांना फक्त कमान दिसली). ते म्हणाले, “अगं, दगड एकमेकांना दाबून उभे राहतात. कापडाला दाबणं कळतच नाही, त्याला फक्त ताण कळतो. तू कापडाकडून दगडाचं काम करून घेतेयस.” मग त्यांनी काकूंचं मंगळसूत्र मागितलं, दोन्ही टोकं दोन हातांत धरली आणि लोंबू दिलं. मधे वाट्यांचं वजन, त्यामुळे सर खाली टोकदार झाला. “आता हे मनातल्या मनात उलटं कर.”

टोकदार कमान. समोर.

इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने 1675 साली हेच एका अक्षरांच्या कोड्यात लपवून छापलं होतं: लटकती साखळी जशी वळते, तीच उलटी केली की कमान उभी राहते. साधी साखळी लोंबवली तर गोलसर वळण येतं, मधे ओझं दिलं की टोक येतं. काका अर्धा तास बोलत होते, काकू मंगळसूत्राची वाट बघत होत्या. मी मात्र घरी पळाले होते, कारण मला एकदम कळलं होतं की गेले दोन महिने मी कमान उलटी कापत होते. दगडात ती उभी असते. कापडात ती लटकलीच पाहिजे.

त्यानंतर सगळं उलटं केलं. पुढचा गळा मंगळसूत्राच्या रेषेवर, वाट्यांच्या जागी टोक. कडेला उरेब पट्टी, टोकाशी आतून एक छोटं वजन, म्हणजे पडद्याच्या खालच्या शिवणीत घालतात तसलं शिशाचं चपटं बटण. गळा आपोआप रेषेत राहायला लागला. उपरण्यासारख्या एका ओढणीच्या मधल्या चुण्याही तशाच सोडल्या. मास्तरांना हूक वगैरे सांगितलं नाही. ते म्हणाले, “वजन टाकलं की गळा बसणारच, यात नवीन काय?” बरोबर आहे.

आणि मग परकर आठवला. घुमट म्हणजे आठ कळ्याच की, घेरासाठी जोडतात तसले वर निमुळते तुकडे. व्हीटीचा घुमट अष्टकोनी आहे आणि त्याच्या फासळ्या लपवलेल्या नाहीत, उलट त्याच मिरवल्यात. दोन पाखी जिथे जुळतात तिथे फासळी. आपण कपड्यात शिवण आत दडवतो. मी तिला बाहेर काढली. आठ कळ्यांचा लांब अंगरखा, आणि प्रत्येक शिवणीवर आत सुती दोरी घातलेली जाड पाइपिंग. हिशोब केला: आठ शिवणी, प्रत्येक सुमारे 90 सेंटिमीटर, म्हणजे सव्वासात मीटर उरेब पट्टी एका अंगरख्याला. उरेब पट्टी कापड किती खाते ते शिवणाऱ्यालाच विचारा. पहिला नमुना फार देखणा झाला. धुतला आणि आठही शिवणी आक्रसल्या, कारण दोरी आटली, कापड आटलं नाही. आता दोरी आधी रात्रभर पाण्यात आणि मग उन्हात. वर्कशॉपच्या गॅलरीत शेवया वाळत घातल्यासारखं दिसतं.

रंगांचा प्रश्न मुंबईच्या दगडांनीच सोडवला. हायकोर्टाचा काळा फत्तर, विद्यापीठाच्या इमारतींचा कुर्ल्याचा पिवळसर दगड आणि कोरीव कामासाठी आणलेला पोरबंदरचा फिकट, मऊ दगड. काळ्यावर फिकी कड, पिवळ्यावर फिकी कड. मंगळदास मार्केटमध्ये दगडाचा तुकडा हातात घेऊन (गटारीच्या कामात निघालेला, चोरलेला नाही) कापड जुळवत फिरले. दुकानदाराने आधी दगडाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग निमूटपणे चौथा ठाण काढला. तोच घेतला.

राजाबाई टॉवर मात्र मी दुर्बिणीतून पाहिला. ओव्हलच्या कडेला उभी राहून, मागे क्रिकेट चालू. प्रेमचंद रायचंदांनी पैसे दिले आणि आईचं नाव ठेवलं, 1878 साली 280 फुटी टॉवर पुरा झाला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. वर पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातीजमातींचे 24 पुतळे आहेत, हे मला नव्हतं. मुकुंद रामचंद्र या सहायक इंजिनिअराने त्यांचे नमुने घडवले. आणि ते सगळे आपापल्या कपड्यांत उभे आहेत! मी तिकडे इमारतीवरून कपडे बेतत होते, आणि इकडे दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी कपड्यांवरून इमारत सजवून मोकळं झालं होतं. वस्त्राच्या दगडी घड्या खाली येताना कशा वळतात ते बघा. त्या कारागिराला मंगळसूत्राचं गणित कुणी सांगायची गरज नव्हती.

एका मैत्रिणीने विचारलं, “गोऱ्यांची इमारत अंगावर कशाला मिरवायची?” प्रश्न खोटा नाही. व्हीटी फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने आखली, 1878 साली काम सुरू झालं, 1887 साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवात तिचंच नाव देऊन उघडली. फाटकाच्या एका खांबावर ब्रिटनचा सिंह, दुसऱ्यावर हिंदुस्थानचा वाघ, आणि खर्च कुणाच्या खिशातून झाला हे सांगायला नको. पण तिथले मोर आणि माकडं कोरायला जे. जे. कला विद्यालयातली मुलं होती. रेल्वेच्या गोऱ्या साहेबांच्या दगडी मुखवट्यांत जगन्नाथ शंकरशेट आहेत, जमशेटजी जीजीभॉय आहेत. मी मैत्रिणीला एवढंच म्हटलं की सिंह मी कुठेच भरलेला नाही. तिचं समाधान झालं नाही. माझंही पूर्ण झालेलं नाही, पण कळ्या कापायला त्यामुळे हात थांबत नाही.

एक गोष्ट मात्र मुद्दाम घेतली. व्हीटीच्या घड्याळाच्या खाली एक कोनाडा आहे. त्यात राणीचा संगमरवरी पुतळा होता, स्वातंत्र्यानंतर तो काढला, आणि कोनाडा तसाच रिकामा राहिला. रोज लाखो लोक त्याच्याखालून जातात. मी अंगरख्याच्या छातीवर, डाव्या बाजूला, फिक्या दोऱ्याने तसाच एक छोटा कोनाडा भरला आणि आत काहीच भरलं नाही. बुटीकवाल्या बाईंनी (या दुसऱ्या) नमुना उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, “इथलं काम राहिलंय का?” म्हटलं, नाही. “मग लोगो तरी टाका.”

रात्री बाबांना सांगितलं. ते पेपरातून मान वर न काढता म्हणाले, “रिकामा कुठे आहे? तिथे कबुतरं बसतात.”

दुसऱ्या दिवशी कोनाड्याच्या बरोबर मागे, आतल्या अस्तरावर, नखाएवढं राखाडी कबूतर भरून घेतलं. घालणाऱ्यालाच माहीत, बाहेरून दिसत नाही. त्याचे दीडशे रुपये जास्त लावलेत.