दातानं नको फाडू ना बे!

खताचं पोतं उघडायची एक कला असते आणि ती ज्याला जमते तो माणूस कृषी केंद्राच्या ओट्यावर उगाचच भाव खाऊन जातो. पोत्याच्या तोंडाला मशीनची शिवण असते, एका बाजूनं साधे सरळ टाके, दुसऱ्या बाजूनं साखळीसारख्या कड्या, आणि प्रत्येक कडी तिच्या पुढच्या कडीनं अडवून धरलेली. म्हणजे शिवण जिथं संपली त्या टोकाची शेवटची कडी मोकळी केली आणि दोरा ओढला की सर्रर्र करत अख्खं तोंड एका दमात उघडतं. पण शिवण सुरू झाली त्या टोकाकडून तुम्ही कितीही ओढा, ती काही ऐकत नाही, मग माणूस चिडतो, विळा घालतो, पोतं फाटतं आणि युरिया ओट्यावर. युरियाचं पोतं आधी ५० किलोचं यायचं, २०१८ पासून ४५ चं झालं, पण शिवण तीच. हमाल ते हूक लावून ओढतात, ट्रकातून खाली आदळतात, बैलबंडीत फेकतात, ती सुटत नाही म्हणजे नाही, आणि उघडायचं म्हटलं तर दोन बोटं पुरतात. मला विचाराल तर अख्ख्या पॅकिंगच्या दुनियेत याच्याइतकं भारी डिझाइन दुसरं नाही, आणि कोणी त्याला बक्षीस दिल्याचं ऐकलं नाही.

कारण गंमत बघा ना, मजबूत बंद करणं काही अवघड नाही, वेल्डिंग मारा, विषय संपला. आणि सहज उघडणंही अवघड नाही, झाकणच लावू नका. दोन्ही एकाच वेळी पाहिजे तिथं डोकं लागतं, म्हणजे सगळ्या बाजूनं दणकट आणि एकाच बाजूनं मऊ, आणि ती एक बाजू कोणती हे हाताला आपोआप कळलं पाहिजे. हे शेवटचं जे आहे ना, तिथंच निम्मे लोक गचकतात.

आमच्या दारव्ह्याकडं, म्हणजे दारव्ह्यात कशाला, अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात, पाकीट उघडायचं सरकारमान्य हत्यार म्हणजे दात. वावरात कोण कैची घेऊन जातो? शाम्पू असो, मसाला असो, बियाण्याचं पाकीट असो, आधी दात. आई लहानपणापासून ओरडते, “अबे दातानं नको फाडू ना बे, पोटात जाईन ते!” आणि हे ओरडता ओरडता तिच्या स्वतःच्या दातात गरम मसाल्याची पुडी असते.

शाम्पूच्या पुडीच्या कडेला करवतीसारखे दाते असतात, किंवा उलुसा काप दिलेला असतो, ते शोभेला नाही. त्या प्लॅस्टिकची तऱ्हाच अशी आहे की सरळ कडेपासून फाडायला गेलं तर जोर सगळ्या कडेवर वाटला जातो आणि ते फाटतच नाही, नुसतं ताणून पांढरं पडतं. पण एकदा उलुसा काप असला की सगळा जोर त्या कापाच्या टोकावर येतो आणि मग ते सुसाट फाटत जातं. म्हणजे कंपनीनं स्वतःच्याच पाकिटाला मुद्दाम एक जखम करून ठेवलेली असते, फक्त ती मालापर्यंत जात नाही, शिलाच्या पट्टीतच थांबते. ही एक-दोन रुपयाची पुडी आपल्या देशात रुजवायचं श्रेय तामिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांना देतात, बड्या घरातला माल मजुराच्या बायकोच्याही हातात पडावा म्हणून. फक्त आंघोळीला बसल्यावर, डोळ्यात पाणी, हात ओले, बोटं बुळबुळीत, अशा वेळी तो काप सापडत नाही आणि शाम्पूची चव सगळ्या विदर्भाला माहिती आहे.

चिप्सच्या पाकिटाचं शास्त्र अजून वेगळं. तिथं फाडायचं नाही, दोन्ही बाजू धरून ओढायचं, शील सुटलं पाहिजे पण प्लॅस्टिक फाटलं नाही पाहिजे. त्यासाठी आतल्या थरात असं काही मिसळतात की तो चिकटतो तर खरा पण जिवाला जीव देण्याइतका नाही. मशीनच्या जबड्याची उष्णता, दाब आणि तो किती वेळ दाबून धरतो, ह्या तिघांचा हिशोब जमला तर ठीक, जरा जास्त तापलं तर शील पाकिटापेक्षा मजबूत होतं आणि मग यष्टीत तुम्ही जोर लावता, पाकीट उभं चिरतं आणि अर्धे चिप्स पुढच्या सीटवरच्या काकाजींच्या टोपीत. काकाजी मागं न बघता एक उचलून खातात, तो भाग वेगळा.

इथवर हसण्यावारी नेता येतं. फवारणीच्या औषधाच्या बाटलीपाशी हसू थांबतं. झाकण फिरवलं की खाली चंदेरी पन्नीचं शील. झाकण लावलेली बाटली कारखान्यात एका कॉइलखालून सरकते, चुंबकीय क्षेत्रानं ती पन्नी आतल्या आत तापते, तिच्या खालचा प्लॅस्टिकचा थर वितळतो आणि बाटलीच्या ओठाला असा चिकटतो की बाटली उलटी पडली तरी थेंब गळत नाही. हे पाहिजेच, नाहीतर दुकानापासून घरापर्यंत पिशवीतल्या भाजीवर जहर. पण उघडताना? पन्नीला धरून ओढायला कान असला तर असला, बऱ्याचदा नसतोच, नख लागत नाही, हातमोजा घातला असेल तर विचारूच नका, म्हणून तो पहिला काढला जातो. मग खिळा, पेचकस, विळ्याचं टोक, खचकन भोक, आणि आतलं औषध हातावर नाहीतर तोंडावर उडतं. बाटलीवर लाल त्रिकोण असतो, म्हणजे सगळ्यात जहाल, त्याच्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा, हे सगळं रंगीत छापलेलं असतं बरं, आणि ह्याच बाटलीचं शील काही बहाद्दर दातानं काढताना मी डोळ्यानं पाहिले आहेत. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-मजूर गेले. त्याची कारणं पुष्कळ होती, सगळं एका पन्नीवर ढकलता येत नाही. पण पन्नीला एक कान लावायला किती खर्च येत असेल, हा प्रश्न मला तेव्हापासून चावतो. काही पावडरी तर आता पाण्यात विरघळणाऱ्या पिशवीत येतात, पिशवी न उघडताच टाकीत सोडायची. उघडायची भानगडच नाही, वाहवा, पण ओल्या हातानं धरायची नाही हे बजावून सांगावं लागतं.

औषधाच्या बाटलीवरून आठवलं. दाबून फिरवायचं झाकण असतं ना, त्याची कथा भारी आहे. कॅनडात डॉ. हेन्री ब्रॉल्ट म्हणून लहान मुलांचे डॉक्टर होते, पोरं घरातल्या गोळ्या खाऊन दवाखान्यात येतात हे बघून बघून वैतागले आणि १९६७ मध्ये त्यांनी तसलं झाकण आणलं. मग अमेरिकेत १९७० मध्ये त्याचा कायदाच झाला. त्या कायद्याखालची परीक्षा फार मजेशीर आहे, ४२ ते ५१ महिन्यांच्या पोरांना बाटल्या देतात, पाच मिनिटं झाली की एकदा उघडून दाखवतात, आणि कोणी दात वापरले नसतील तर त्यांना चक्क सांगतात की पाहिजे तर दात वापरा! तरीही दहा मिनिटांत निदान ८० टक्के पोरांना उघडता आलं नाही पाहिजे. आणि त्याच वेळी ५० ते ७० वर्षांच्या माणसांपैकी ९० टक्क्यांना उघडून परत लावताही आलं पाहिजे. म्हणजे तिकडं दात हिशोबात धरलेत. माझं म्हणणं एवढंच, आपल्याकडं पाकीट बनवणाऱ्यानं ऑफिसात कैचीनं कापून बघू नये, एकदा वावरात यावं.

आणि येताना आमच्या आजीला पण भेटावं. आजीला दात नाहीत आणि अंगठ्यात संधिवात. बीपीच्या गोळीची स्ट्रिप वरून प्लॅस्टिकचा फुगा, मागून पातळ अल्युमिनियम, अंगठ्यानं दाबलं की गोळी टपकन बाहेर आली पाहिजे. तिच्या अंगठ्यात तेवढा जोर नाही. ती अडकित्ता घेते. सुपारीसारखी स्ट्रिप धरते, कट्ट, कधी गोळी अर्धी, कधी गोळी खाटेखाली. “मायबाई, रोग परवडला पण हे पुडकं नोको,” असं रोज म्हणते. मी म्हटलं, आजी, सगळ्या गोळ्या काढून डबीत भरून ठेवू का? तर म्हणते, “दमट होत नाई का रे राज्या? पन्नी कायले लावली मंग त्याईनं?” बरोबर आहे तिचं.

उघडलेलं परत बंद करणं हा तर अजून मोठा घोळ. झिपवाली पाकिटं आली आहेत, दिसायला छान, पण मसाल्याची भुकटी एकदा त्या खाचेत गेली की झिप लागल्यासारखी वाटते आणि लागत नाही. ह्या बाबतीत आमचा पानठेलेवालाच बरा, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून झाला की पन्नीला एक पीळ, वर रबर, उघडा, चिमूटभर घ्या, परत पीळ. आत काय भरलंय ते सोडा, वाईटच आहे, पण पॅकिंगमध्ये खोट काढून दाखवा. घरात मात्र सगळ्या उघड्या पाकिटांना कपड्यांचे चिमटे लागतात, शेवया, पोहे, चहापत्ती, सगळ्यांना. दारव्ह्याच्या बाजारातून डझनानं चिमटे आणले तरी दोरीवर दोनच दिसतात, आणि जरा वारा सुटला की आई अंगणातून ओरडते, “बापाची बनियन शेजाऱ्याच्या कुटारात गेली पाय, चिमटे कोठी ठेवले बे सगळे?”