शून्य टक्क्यांचा प्रबंध

पीएच. डी.च्या प्रबंधाचा प्लेजरिझम रिपोर्ट, म्हणजे मजकूर दुसरीकडच्या लिखाणाशी किती जुळतो ते सांगणारा अहवाल, शून्य टक्के आला म्हणून रडकुंडीला आलेलं माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. एरवी लोक उलटी तक्रार घेऊन येतात. भाई, बावीस टक्के दाखवतंय, कायतरी करा! जणू टक्के मीच लावतो.

म्हापशाला माझं डीटीपीचं लहानसं दुकान आहे. लग्नपत्रिका, देवस्थानांच्या पावत्या, जत्रेतल्या नाटकांची हँडबिलं आणि अधूनमधून प्रबंध. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली होती. माटोळीचा, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांचा, बाजार रस्त्यापर्यंत पसरलेला, सुपारीच्या शिपट्या आणि कांगलां भिजत पडलेली, आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. अशा वेळी टीचर पेनड्राइव्ह घेऊन आल्या. सत्तरी तालुक्यातल्या एका हायस्कुलात त्या मराठी शिकवतात. नोकरी, घर, सासूचं आजारपण सांभाळून त्यांनी ‘ख्रिस्तपुराण’ या सतराव्या शतकातल्या मराठी काव्याच्या भाषेवर साडेतीनशे पानांचा प्रबंध पुरा केला होता.

“भाई, शून्य आलं.”

“मग पेढे द्या.”

“चेष्टा नको. लायब्ररीतल्या मॅडम म्हणाल्या, शून्य कधी येतच नाही. तुमच्या फाइलीत मराठी सापडतच नाही, युनिकोडमध्ये करून आणा. मुदतवाढ उद्या संपते, मग चवथीची सुट्टी.”

फाइल उघडली. पडद्यावर सुरेख मराठी. त्यातली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकली आणि त्यांना दाखवली. ‘मराठी’ या शब्दाच्या जागी अंडरस्कोअर, मग ए, एम, मोठा आर, पुढे आणखी काहीबाही. टीचर खुर्चीवर बसल्याच.

श्रीलिपी, कृतिदेव, एपीएस या मंडळींनी आमच्या धंद्याला वीस-पंचवीस वर्षं पोसलं, त्यांच्याबद्दल वावगं बोलणार नाही. काँप्युटरला देवनागरी कळत नव्हती तेव्हा या फाँटांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर आपल्या वेलांट्या-मात्रा बसवल्या आणि काम चालवलं. युनिकोडमध्ये देवनागरी अक्षरांना स्वतःच्या जागा आहेत. छापायचं असेल तर आजही काही अडत नाही. अडतं ते मशीनने वाचायचं असेल तेव्हा. साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला फाँट दिसत नाही, त्याच्याखालची अक्षरं दिसतात, आणि ती अक्षरं युनिकोडमधल्या कुठल्याच मराठी मजकुराशी जुळत नाहीत. म्हणून शून्य. अशा फाइलीतून उद्या कुणी अख्खा प्रबंध युनिकोडमध्ये उतरवून उचलला तरी शून्यच येईल, आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगे’वर, प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, तो चढला तरी त्यातला मजकूर शोधून कुणालाही सापडणार नाही. लायब्ररीतल्या मॅडमनी अडवलं ते योग्यच केलं, असं मी टीचरना सांगितलं. तेव्हा ते त्यांना आवडलं नाही.

टायपिंग कुणी केलं? तो मुलगा पोर्तुगीज पासपोर्टवर लंडनला गेला. फोन उचलतो, पण तिकडे तो गोदामात कामाला, त्याला आता फाँट आठवत नाहीत.

रूपांतर करणारे प्रोग्रॅम मिळतात आणि बटण दाबलं की दोन मिनिटांत अख्खी फाइल युनिकोड होते. खरं काम नंतर सुरू होतं. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर, कारण तिथे दिसतं तसं टाइप करायचं. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम. जोडाक्षर मोठं असलं की प्रोग्रॅम गडबडतो आणि वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. आणि ‘दुसऱ्या’, ‘साऱ्या’ यांतला तो अर्धा ऱ! त्याचा हमखास रफार होतो. बदलून टाका सगळे एकदम, असं वाटतं खरं. टाकलेत तर ‘पर्याय’चा ‘पऱ्याय’ होतो आणि ‘कार्यालय’चं ‘काऱ्यालय’. एकेक शब्द बघूनच हो-नाही म्हणावं लागतं.

हे नेहमीचं. पण या प्रबंधात ओव्या होत्या, आणि त्या दोन लिप्यांत होत्या.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री १५७९मध्ये गोव्यात आला, मराठी शिकला आणि त्याने ओवीबद्ध पुराण रचलं, एवढं मला माहीत होतं. ते १६१६मध्ये साष्टीतल्या राशोलला छापलं गेलं ते रोमन लिपीत, हे टीचरनी काम चालू असताना सांगितलं. श साठी एक्स, ट-ड दाखवायला तेच अक्षर दोनदा, अनुनासिकासाठी स्वरावर नागमोडी रेघ. प्रबंधात प्रत्येक उताऱ्याला आधी मूळ रोमन ओवी आणि खाली देवनागरी. आता रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला काय कळणार? त्याच्या लेखी सगळीच रोमन अक्षरं. जुन्या फाँटातली मराठीही रोमन आणि स्टीफन्सची ओवीही रोमन. पहिल्या चाचणीत त्याने दोन्हींची देवनागरी केली आणि पाद्रीबाबाच्या ओव्यांचा नुसता चिवडा झाला.

मग वर्डच्या शोधखिडकीत मजकुराऐवजी फाँट शोधला. रोमन ओव्या टाइम्समध्ये होत्या, हे त्या लंडनवाल्याचे उपकार. त्या सगळ्या रंगवून बाजूला काढल्या, उरलेल्याचं रूपांतर केलं आणि पुन्हा जागेवर बसवल्या. तरी त्या नागमोडी रेघा कुठेच नव्हत्या. त्या पोराने त्या टाइप केल्याच नव्हत्या, मार्गदर्शकांना दिलेल्या प्रतींवर टीचरनी दर वेळी पेनाने काढल्या होत्या. दप्तरातून त्यांनी ती निळ्या शाईची प्रत काढली. आता त्या वाचणार आणि मी रेघा घालणार.

देवनागरी ओव्यांचं प्रूफ कसं वाचायचं हा दुसरा प्रश्न. सतराव्या शतकातल्या मराठीला काँप्युटर काय कपाळ तपासणार, त्याने पानंच्या पानं लाल करून ठेवली. मी अक्षर-अक्षर लावून बघायला लागलो. टीचर म्हणाल्या, थांबा, मी म्हणते. आणि त्यांनी ओव्या म्हणायला सुरुवात केली, साध्या चालीवर, ज्ञानेश्वरीचं पारायण करतात तशा. तीन चरणांना यमक, चौथा आखूड. जिथे जीभ अडखळली तिथे त्या थांबायच्या. “इथे काहीतरी गेलंय.” बघतो तर वेलांटी घसरलेली किंवा ऱ चा रफार झालेला. मी डोळ्यांनी पास केलेल्या पानावरही त्यांच्या कानाने चुका काढल्या. माटोळीचं सामान घेऊन पावसाच्या आडोशाला उभी राहिलेली दोन माणसं आत डोकावून गेली. त्यांना वाटलं असेल, इथे काही पूजा चाललीय.

मधल्या चहाच्या वेळी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. छापखाना गोव्यात १५५६मध्ये आलेला. मग पुराण देवनागरीत का नाही? तर स्टीफन्सने १६०८च्या एका पत्रात आपल्या वरिष्ठांना लिहिलंय की इथल्या लिपीत पुस्तकं छापावीत अशी त्याची फार दिवसांची इच्छा आहे, पण इथल्या अक्षरांना सहाशेच्या आसपास साचे लागतात आणि युरोपात चोवीस पुरतात. सहाशे साचे! मी हातातला कप खाली ठेवला. माणसाला टाइपांचा हिशोब कळत होता. देवनागरी बसेना म्हणून मराठी रोमनमध्ये घातली त्याने, आणि जुन्या फाँटवाल्यांनी केलं ते तरी काय वेगळं? फक्त त्याची रोमन अक्षरं तशीच वाचता येत होती.

दुपारी फाइल लायब्ररीला ईमेल केली. मी मधल्या वेळात शीर्षकांना स्टाइल लावून अनुक्रमणिका आपोआप तयार केली, सुरुवातीच्या पानांचे आकडे वेगळे केले, बांधणीसाठी डावीकडे दीड इंच सोडला. या कामात सांगण्यासारखं काही नसतं.

ऑफिस सुटता सुटता रिपोर्ट आला. एकतीस टक्के.

टीचर पांढऱ्या पडल्या. यूजीसीचा २०१८चा नियम त्यांना पाठ होता: दहा टक्क्यांपर्यंत ठीक, दहा ते चाळीसमध्ये प्रबंध सुधारून पुन्हा द्या, साठच्या वर नोंदणीच रद्द. मी म्हटलं, आधी रंग बघू. रिपोर्टात जुळणारा मजकूर रंगीत दिसतो. रंगलेलं जवळपास सगळं ओव्याच होत्या! आमच्या आधी ज्यांनी ज्यांनी ‘ख्रिस्तपुराणा’वर लिहिलं त्यांनीही त्याच ओव्या दिल्या असणार, त्याला कोण काय करणार. नियमात संदर्भासह दिलेली अवतरणं वगळायची मुभा आहे. पण मशीन अवतरण ओळखतं ते अवतरणचिन्हांवरून, आणि ओव्या आम्ही रीतीप्रमाणे आत सरकवून, चिन्हांशिवाय टाकलेल्या. टीचरनी मार्गदर्शकांना फोन लावला. सर जरा कुरकुरले, आत सरकवलेल्या उताऱ्याला चिन्हं देत नाहीत हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं, पण “घाला” म्हणाले. घातली. दुसऱ्या प्रकरणातली दोन रंगीत पानं टीचरच्याच छापून आलेल्या लेखातली निघाली. तिथे लेखाचा संदर्भ द्यायचा राहिला होता, तो दिला. लायब्ररीतल्या मॅडम घरी जायला निघाल्या होत्या, तरी फाइल पुन्हा चढवून मगच गेल्या. आकडा दहाच्या आत आला. टीचरनी रिपोर्टाची प्रिंट काढायला सांगितली आणि ती पर्समध्ये ठेवली, फाइलीत नाही.

गोव्यातल्या पावसात लेझर प्रिंटरवर पाच प्रती काढणं काय असतं ते ज्याने काढल्यात त्यालाच विचारा. कागद हवेतली ओल पितो, कडा वळतात आणि दर थोड्या वेळाने मशीन तो चावून धरतं. माझ्याकडे कपाटात बल्ब पेटता ठेवतो, रिमं त्यात. तरी रिम फोडलं की तासाभरात कागद मऊ. त्यात लाईट गेली. प्रिंटर इन्व्हर्टरवर चालत नाही. नुसतं बसून राहिलो.

लाईट आली आणि प्रती निघाल्या तेव्हा रात्र झाली होती. आता बाइंडर. सगळे चवथीला गावी गेलेले, उघडं एकाचंच, कारण तो ख्रिश्चन. तोंडी परीक्षेपर्यंत मऊ बांधणीच द्यायची असते, सोनेरी अक्षरांचं रेक्झीन नंतर, त्यामुळे तासाभराचं काम. बाइंडरचे वडील दुकानात खुर्ची टाकून बसतात. ऐंशीच्या पुढचे, पोर्तुगीज काळात शाळा शिकलेले. त्यांनी वरचा गठ्ठा मांडीवर घेतला, चाळला, आणि रोमन ओवी दिसली तशी मोठ्याने वाचायला लागले. मराठी त्यांना वाचता येत नाही. पण ती ओवी ते पोर्तुगीज वाचावी तशी घडाघडा वाचत गेले, आणि ऐकणाऱ्याला शुद्ध मराठी ऐकू येत होती. टीचर बघतच राहिल्या.

एका ओळीवर म्हातारा थांबला. “हांगा तील ना गो बाय.” तील म्हणजे ती नागमोडी रेघ. निळ्या शाईची प्रत काढली. तिथेही नव्हती. टीचरनी रोमन ओव्यांच्या पुस्तकाच्या झेरॉक्सवर बोट फिरवलं. होती.

बाइंडरने हातातलं फेविकॉल खाली ठेवलं. मी पावसातून दुकानात जाऊन ते एक पान पाच वेळा छापून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आणलं. तोवर म्हाताऱ्याने आणखी बरीच पानं वाचून काढली होती आणि पाद्रीने शब्द बरे वापरलेत असं मत दिलं होतं. वाचणावळ म्हणून टीचर पैसे द्यायला लागल्या तर ते चिडले. मग टीचरनी चवथीच्या नेवऱ्या पाठवायचं कबूल केलं, त्यावर मात्र त्यांनी किती, असं विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला, पोच मिळाली. बिलात मी ओव्यांचं काम वेगळं धरलं होतं. टीचरनी घासाघीस केली, मीही थोडी सोडली, थोडी नाही.

शटर ओढायला उठलो तेवढ्यात एक गृहस्थ छत्री झटकत आत आले. वाड्यावरच्या आरतीसंग्रहाची नवी आवृत्ती काढायची, फाइल तयार आहे, मोबाइलवर सगळ्यांना पाठवता येईल अशी करून द्या, आजच. उघडून एक ओळ नोटपॅडमध्ये टाकली. अंडरस्कोअर, ए, एम.

म्हटलं, चवथ झाल्यावर या.