अ‍ॅक्सलचा सापळा आणि पकड मोजण्याचं दुखणं: माझा अनुभव

कर्करोग पसरण्यात अ‍ॅक्सल या रिसेप्टरचा (पेशीवरचं संदेश घेणारं प्रथिन) आणि त्याला चिकटणाऱ्या गॅस६ या प्रथिनाचा मोठा हात असतो. २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या जेनिफर कॉक्रन आणि अमाटो जाचिया यांच्या गटांनी अ‍ॅक्सलचाच सुधारित तुकडा अँटिबॉडीच्या एफसी भागाला (तिचा खालचा दांडा) जोडला. या सापळ्याने गॅस६ आधीच पकडलं आणि उंदरांमधला मेटास्टॅसिस, म्हणजे कर्करोगाचा इतर अवयवांत प्रसार, कमी झाला. मी याच धर्तीच्या सापळ्यावर काम केलं. क्लोनिंग, यीस्ट डिस्प्ले (यीस्ट पेशींवर प्रथिनाचे नमुने लावून चांगला निवडणं), उत्पादन सुरळीत झालं. अडलं ते पकड मोजताना.

गॅस६ मुळातच अ‍ॅक्सलला दोन आकडी पिकोमोलर पकडीने धरतं (पिकोमोलर हे अगदी कमी सांद्रतेचं एकक; आकडा जितका लहान तितकी पकड घट्ट). सापळा त्याहून घट्ट हवा, म्हणजे सुटण्याचा वेग सेकंदाला ०.००००१ किंवा त्याहून कमी. या वेगाने निम्मे रेणू सुटायला १९ तास लागतात. एसपीआर यंत्रावर (चिपवर रेणू चिकटताना-सुटताना मोजणारं यंत्र) भरवशाचा आकडा हवा तर किमान ५ टक्के तरी सुटताना दिसायला हवेत. त्याला जवळजवळ दीड तास लागतो. सामायिक यंत्राच्या बुकिंग फॉर्मवर मात्र ठरलेली १० मिनिटं! तेवढ्यात ०.६ टक्के सुटतात, ते नॉइजमध्येच बुडतात. तरीही सॉफ्टवेअर आकडा छापतंच आणि लोक तो अहवालात घालतात, याचा मला अजूनही संताप येतो. फॉर्मच्या शेऱ्यात हे गणित लिहून द्या, रात्रीचा स्लॉट मागा, आणि मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

दीड तास मिळाला तरी सापळ्याला एफसीपाशी चिपवर धरणारी अँटिबॉडी स्वतःच हळूहळू सुटते, बेसलाइन (मोजणीची मूळ रेषा) घसरते. म्हणून गॅस६ न घालता, फक्त बफरची तेवढीच लांब फेरी घेऊन ती वजा करा. चिपवर सापळा, वरून गॅस६, हाच क्रम ठेवा. उलट केलंत तर सापळ्याच्या दोन्ही हातांची एकत्र पकड मोजली जाते आणि आकडा फुगतो. चिपवर सापळा विरळच लावा, नाहीतर सुटलेलं गॅस६ शेजारी पुन्हा चिकटतं.

यीस्टवर १० पिकोमोलर गॅस६ वापरून निवड करताना द्रावणाचं आकारमान बघा. एक लाख पेशी, प्रत्येकीवर सुमारे ५०,००० रेणू, तर दहापट गॅस६ पुरवायला ८ मिलिलिटरहून जास्त द्रावण लागतं. छोट्या नळीत गॅस६ संपतं आणि सगळे क्लोन (सापळ्याचे वेगवेगळे नमुने) सारखेच दिसतात.

गॅस६ स्वतः बनवत असाल तर माध्यमात व्हिटॅमिन के घाला. ते नसेल तर अ‍ॅक्सल नीट जागा होत नाही आणि सापळा नसतानाही तो चालल्यासारखा दिसतो.

उंदरांना टोचण्याआधी एंडोटॉक्सिन (जीवाणूंचं विष) तपासा. त्याने फुप्फुसातल्या गाठी वाढू शकतात. किलोला ५ युनिटची मर्यादा आणि किलोला १० मिलिग्रॅम डोस धरला, तर मिलिग्रॅममागे ०.५ युनिटच्या खालीच राहायला हवं.