स्टॉप बटणाची वायर

भोसरीतल्या पीएलसीच्या (यंत्रं चालवणारा औद्योगिक संगणक) क्लासचा तिसरा दिवस. समोर फळीवर सीमेन्सचा एस७-१२०० पीएलसी, २४ व्होल्टचा पुरवठा, दोन पुश बटणं, एक कॉन्टॅक्टर (मोटरचा पुरवठा जोडणारा-तोडणारा स्विच). मोटर चालू-बंद करायचं साधं लॅडर, म्हणजे शिडीसारख्या आकृतीतला प्रोग्राम. स्टार्टला समांतर आउटपुटचाच कॉन्टॅक्ट टाकला की लॅचिंग होतं, म्हणजे बटण सोडलं तरी मोटर चालू राहते, हे आयटीआयपासून हातात बसलेलं.

अडलो स्टॉपपाशी. बटण एनसी (एरवी जोडलेलं, दाबल्यावर तुटणारं), म्हणून लॅडरमध्येही एनसीच टाकला. स्टार्ट दाबलं, काहीच नाही. सर एवढंच म्हणाले, "इनपुटचा दिवा बघ." दिवा पेटलेला! बटण न दाबताच २४ व्होल्ट येतायत, म्हणजे बिट १. लॅडरमधला एनसी बिट १ असताना तुटतो, म्हणून प्रोग्राममध्ये एनओच (बिट १ असताना जोडणारा) हवा.

मग मोटर चालू असताना सरांनी स्टॉपची वायरच उपटली. कॉन्टॅक्टर खट्कन सुटला. एनओ (दाबल्यावरच जोडणारं) बटण लावलं असतं, तर वायर तुटल्याचं कळलंही नसतं आणि ऐन वेळी मोटर थांबली नसती. (इमर्जन्सी स्टॉप तर नुसत्या साध्या पीएलसीवर सोडायचाच नाही, तो सेफ्टी रिलेतून थेट पुरवठा तोडणारा हवा.)

आमच्या शॉपवर कन्व्हेयरपाशी दिवसभर माणसं हात घालून काम करतात. सोमवारी गेल्या गेल्या आधी तिथली स्टॉपची वायरिंग तपासणार.